सलीम अली : पाखरांच्या नावे ठेवलेला ठेवा



वसंतातल्या व्याख्यानमालेत पाखरांविषयी बोलावयाचे म्हणजे वक्त्याची निम्मी तयारी कोकीळ पक्षीच करून ठेवतो. मांडवाबाहेरच्या एखाद्या आंब्यावर तो या घटकेलाही ओरडत असेल. ओरडणारा हा नर असतो. काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. आपण मात्र हे गाणे पिढ्यान्‌पिढ्या मादीच्या नावावर लिहून मोकळे झालो आहोत. सुगरणीचीही तीच गत. बहिणाबाईंपासून सगळ्यांनी तिच्या खोप्याचे कौतुक केले, आणि तो खोपा विणतो मात्र नर! पाखरांवर आपले प्रेम पुष्कळ आहे. त्यांच्याकडे नीट पाहण्याची सवय थोडी आहे. आज ज्या गृहस्थांविषयी मी आपणांपुढे चार शब्द बोलणार आहे, त्यांनी उभ्या आयुष्यात हे पाहण्याचेच काम केले. ते म्हणजे डॉ. सलीम अली. त्यांच्या चरित्राचा सारा आलेख मांडण्याचा माझा विचार नाही. त्यांनी पाखरांसाठी मागे काय ठेवले आणि त्या ठेव्याचे आपण काय केले, एवढाच माझा प्रश्न आहे.

मृत्युपत्र म्हटले की चार गोष्टी लागतात. देणारा लागतो, देण्याजोगी वस्तू लागते, घेणारा लागतो आणि देणाऱ्याच्या पश्चात ते सारे पार पाडणारा लागतो. घर मुलाच्या नावे केले आणि कोणी ते बळकावले, तर मुलगा कोर्टाची पायरी चढतो. पण घेणारे पाखरू असेल तर? पाखराला सातबारा नाही, त्याचे वकीलपत्र कोणी घेत नाही. तळ्याचे शेत झाले तर बदक फिर्याद करीत नाही. ते पुढच्या वर्षी येत नाही, इतकेच. म्हणून पाखरांच्या नावे ठेवलेल्या ठेव्यात चौथा माणूस, म्हणजे पार पाडणारा, हाच सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

आता देणाऱ्याकडे वळू. सलीम अली १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मले. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरी त्यांना व त्यांच्या भावंडांना वाढविले. मामांना शिकारीचा नाद. भाच्याच्या हाती छऱ्यांची बंदूक आली आणि त्याचे पहिले लक्ष्य झाल्या चिमण्या. पुढे पक्षिरक्षणाचा कैवारी म्हणून जगाने ज्याला ओळखले, त्याची सुरुवात अशी चिमण्या मारण्यापासून झाली आहे, आणि त्यांनी ती कधी लपविली नाही.

दहाएक वर्षांच्या या मुलाने त्या काळी एक टिपण करून ठेवले. चिमणी घरट्यात अंड्यांवर बसली आहे आणि नर बाहेर खिळ्यावर पहारा करतो आहे. मुलाने त्या नराला टिपले. थोड्याच वेळात चिमणीला दुसरा नर मिळाला आणि तोही त्याच खिळ्यावर येऊन बसला. त्यालाही टिपले. अशा रीतीने आठवड्याभरात आठ नर एकाच जागी पडले. श्रोतेहो, हे वाचताना अंगावर काटा येतो, हे खरे. परंतु त्यातली दुसरी बाजूही पाहा. इतर मुले चिमणी मारून खिशात घालीत. या मुलाने काय घडले ते लिहून ठेवले. पुढे मोठा पक्षिशास्त्रज्ञ झाल्यावर त्यांनी तो बालपणीचा मजकूर तसाच प्रसिद्ध केला. नंतरच्या कीर्तीला शोभेल असा रंग त्याला चढविला नाही. हा स्वभाव लक्षात ठेवावा, कारण पुढे मी त्याकडे परत येणार आहे.

एके दिवशी पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. हा पक्षी नेहमीचा नव्हे, हे कळले. मामा ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे सभासद, त्यांनी भाच्याला तेथील चिटणीस मिलर्डसाहेबांकडे धाडले. मिलर्डनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले आणि एकामागून एक कप्पे उघडून पेंढा भरलेले पक्षी त्या बुजऱ्या मुलाला दाखविले. एका साहेबाने एका पोरासाठी खर्च केलेला तो वेळ या देशाला किती फळला, याचा हिशेब करणे कठीण आहे.

ही सोसायटी १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन ही आपली दोन माणसे होती. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. म्हणजे माणसांनी एकत्र बसून विचार ऐकावा आणि माणसांनी एकत्र येऊन निसर्ग तपासावा, ही दोन्ही कामे आपल्याकडे एकाच पिढीत उभी राहिली. पहिल्याला गर्दी झाली. दुसऱ्याला व्हावयाची अजून बाकी आहे.

सलीम अलींचा संसार पैशाच्या दृष्टीने कधी भरभक्कम नव्हता. ब्रह्मदेशात तवॉय येथे कुटुंबाच्या खाणीच्या धंद्यात ते काही वर्षे राहिले. तेथे धंद्यापेक्षा रानाकडे अधिक लक्ष. १९१८ साली तेहमीना बेगम यांच्याशी विवाह झाला. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, पाहुण्यांना निसर्गविभाग समजावून सांगण्याची नोकरी मिळाली. पुढे रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनमध्ये प्रोफेसर श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली त्यांनी पक्षिशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले. १९३० साली परत येऊन पाहतात तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! बर्लिनची विद्या गाठीशी आणि खिशात दमडीची मिळकत नाही.

अशा वेळी आपण काय केले असते? ओळखीपाळखी काढून कुठे चिकटता येते का ते पाहिले असते. या माणसाने अलिबागजवळ किहीमला मुक्काम हलविला. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. शिडी लावून, कापडाच्या आडोशामागे बसून, त्यांनी ती दिवसचे दिवस न्याहाळली. नर एक घरटे अर्धवट विणतो. मग माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात. एखादीला पसंत पडले की ती तेथे राहते आणि मग तो ते पुरे करतो. तिने अंडी घातली की हा गृहस्थ दुसरे घरटे विणावयास घेतो, दुसऱ्या मादीसाठी! शेकडो वर्षे ज्या पाखराचा संसार आपल्या डोळ्यांदेखत चालला होता, त्याचे खरे स्वरूप एका बेकार माणसाने कोकणातल्या एका झाडाखाली बसून उलगडले. त्या निबंधाने पक्षिशास्त्रात त्यांचे नाव झाले.

त्यानंतर त्यांनी संस्थानिकांपुढे एक योजना मांडली. तुमच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी मी करतो. प्रवासाचा आणि तळाचा खर्च तेवढा द्या, वेतन नको. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी संस्थानामागून संस्थाने त्यांनी बैलगाडीने आणि पायी पालथी घातली. तेहमीना बेगम तंबूत बरोबर असत. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. मूलबाळ नव्हते. हा माणूस रानाचा झाला तो कायमचा.

१९४१ साली त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ निघाले. पंडित नेहरूंनी तुरुंगातून ते पुस्तक तुरुंगातच असलेल्या आपल्या मुलीकडे, इंदिराबाईंकडे, धाडले होते. १९६४ ते १९७४ या काळात डिलन रिप्ली यांच्याबरोबर त्यांनी भारत आणि शेजारच्या देशांतील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ पुरा केला. पहिला खंड निघाला तेव्हा त्यांनी वयाची सत्तरी ओलांडली होती. ज्या वयात आपण काशीयात्रेचे बेत करतो, त्या वयात त्यांनी दहा खंडांची बैठक मारली. १९७६ साली त्यांना निसर्गरक्षणासाठीचे जागतिक गेटी पारितोषिक मिळाले. ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे बिनपगारी काढली, त्याच्या हाती उतारवयात मोठी रक्कम आली. ती त्यांनी सोसायटीकडे सुपूर्द केली आणि तीतून निसर्गरक्षणाचा कायम निधी उभा राहिला. त्यांनी ठेवलेला रोख ठेवा तो हा. परंतु तेवढ्यावर थांबलो तर खरा ठेवा आपल्या नजरेतून सुटेल. तो पाहावयाचा तर राजस्थानातील भरतपूरला जावे लागते.

भरतपूरचे केवलादेव घना हे तळे संस्थानिकांच्या शिकारीसाठी राखलेले होते. कोणत्या वर्षी कोणत्या लाटसाहेबाने किती पक्षी पाडले, त्याचे शिलालेख आजही तेथे उभे आहेत. १९३८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. स्वातंत्र्यानंतर, हे तळे आटवून शेतीला द्या, अशी मागणी उठली. ती अन्यायाची होती असे मी म्हणणार नाही. भुकेल्या देशात जमीन मागणे हा गुन्हा नव्हे. सलीम अलींनी नेहरूंपर्यंत गाऱ्हाणे नेले आणि तळे वाचले. १९५६ साली ते पक्ष्यांसाठी राखीव झाले. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत चालू होता.

याच तळ्यावर पुढे पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे मोठे काम झाले. त्याला पैसा कोठून मिळाला, हे ऐकण्यासारखे आहे. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसे तापाने फणफणली. या रोगाचे विषाणू उत्तरेकडून येणाऱ्या पाखरांबरोबर तर येत नाहीत ना, अशी शंका निघाली. जागतिक आरोग्य संघटनेला ती तपासावयाची होती, आणि सलीम अलींना पाखरांचे प्रवास जाणून घ्यावयाचे होते. दोघांची गाठ पडली आणि हजारो पाखरांच्या पायांत मुंबईच्या सोसायटीचे नाव कोरलेल्या कड्या चढल्या. पाखरांसाठी पैसा मिळत नसेल तर तो माणसांच्या तापातून काढावा, एवढे व्यवहारचातुर्य या ऋषितुल्य माणसात होते!

आता मी मघाशी म्हटलेल्या स्वभावाकडे येतो. १९८० नंतर भरतपूरला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. आजूबाजूच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या त्या तळ्यात चरत आल्या होत्या. म्हशींमुळे पाखरांना उपद्रव होतो, असे सलीम अलींचे मत होते आणि पक्षिशास्त्रज्ञांतही तोच समज रूढ होता. १९८२ साली चराईवर बंदी आली. गावकऱ्यांना दुसरी सोय करून दिलेली नव्हती. दंगा झाला, गोळीबार झाला, काही माणसे प्राणास मुकली. पाखरांच्या रक्षणासाठी माणसांचे रक्त सांडले, ही गोष्ट सलीम अलींचा गौरव करतानाही झाकून ठेवता येत नाही.

आणि पुढे काय दिसले? सोसायटीचीच एक दीर्घ पाहणी त्या तळ्यावर चालू होती. डॉ. विजयन आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे मोजदाद करीत होते. म्हशी बंद झाल्या आणि पाण्यात गवत माजले. पूर्वी म्हशी ते खाऊन आणि तुडवून आटोक्यात ठेवीत. आता उघडे पाणी झाकले गेले आणि ज्या बदकांना व हंसांना उघडे पाणी लागते त्यांची संख्या घटू लागली. म्हशी या तळ्याच्या वैरी नसून त्याच्या घडणीचाच एक भाग आहेत, असा निष्कर्ष त्या पाहणीतून निघाला. सलीम अली २० जून १९८७ रोजी निवर्तले. पाहणीचा अखेरचा अहवाल त्यानंतर, १९९१ साली बाहेर आला. ज्या संस्थेचे ते दैवत होते, त्याच संस्थेने त्यांच्या मताविरुद्ध जाणारी नोंद छापून जगापुढे ठेवली.

श्रोतेहो, मला या माणसाचा सर्वांत मोठा ठेवा वाटतो तो हाच. आपल्याकडे गुरूच्या पश्चात त्याच्या पादुकांची पूजा होते आणि त्याच्या शब्दाला ब्रह्मवाक्य मानतात. सलीम अलींनी मागे अशी रीत ठेवली की, तिच्या आधारे खुद्द सलीम अलींचे मतही तपासता यावे. पाहा, मोजा, लिहून ठेवा, आणि आपल्या समजाला न मानवणारे दिसले तरी ते खोडू नका. आठ चिमण्यांचे टिपण न खोडणारा मुलगा आणि म्हशींचा निष्कर्ष न दडविणारी संस्था यांत मला एकच धागा दिसतो.

आता चौथ्या माणसाची, म्हणजे आपली, झडती घेऊ. आपण त्यांची नावे पुष्कळ ठिकाणी दिली. कोईमतूरला १९९० साली त्यांच्या नावाची संशोधन संस्था निघाली. गोव्यात मांडवीकाठी चोडण बेटावरचे खारफुटीतले अभयारण्य त्यांच्या नावाचे आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह ठरविला. त्याचा पहिला दिवस मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि शेवटचा सलीम अलींचा. हे सारे योग्यच झाले. परंतु पाटीवर नाव लिहिले म्हणजे मृत्युपत्र पार पडले असे होत नाही.

एक दाखला देतो. माळढोक हा आपल्या माळरानांचा पक्षी. भरला नर दहा किलोंच्या वर वजन भरतो. हाच राष्ट्रीय पक्षी व्हावा असे सलीम अलींचे म्हणणे होते. ज्याला संरक्षणाची सर्वांत अधिक गरज आहे त्याला मान द्या, असा त्यांचा रोख होता. १९६३ साली मान मोराला मिळाला. आज मोर वाढतो आहे, आणि माळढोक साऱ्या देशात दीडशेहूनही कमी उरला आहे. बहुतेक सगळे राजस्थानात. आपल्या सोलापूर-नगरकडच्या माळांवर १९७९ साली त्याच्यासाठी विस्तीर्ण अभयारण्य जाहीर झाले होते. त्यात शेतकऱ्यांची शेतेवाडेही आले, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने पडली, लोक वैतागले आणि पुढे त्याचा विस्तार फार कमी करावा लागला. भरतपूरचा धडा येथेही होता. गावाला वगळून पाखरू राखता येत नाही. दुसरे असे की, आपल्या दप्तरी माळ म्हणजे ‘पडीक’ जमीन. जंगल तोडले तर आपण हळहळतो. माळ नांगरला, त्यावर कारखाना उभा राहिला, विजेच्या तारा गेल्या, तर तो विकास. या जड पाखराला समोरचे नीट दिसत नाही. उडताना ते तारांवर आदळून मरते. त्या तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१९ पासून राजस्थानात अंडी उबवून पिल्ले वाढविण्याचा प्रयत्नही चालू आहे. एका अर्थी माळढोकाचे वकीलपत्र कोणीतरी घेतले. पण फार उशिरा.

यावर कोणी म्हणेल, आम्ही पाखरांना दाणे टाकतो, उन्हाळ्यात गच्चीवर पाणी ठेवतो, हे पुण्य कमी का? त्यामागची दया खरी आहे, तिला मी हसणार नाही. परंतु दया आणि रक्षण यांत फरक आहे. २०२५ साली मुंबईत कबुतरखान्यांवरून केवढा वाद पेटला! कबुतराला दाणे टाकले तर कबुतरे वाढतात. त्याने माळावरच्या चंडोलाचे पोट भरत नाही. चंडोलाला गवत हवे, धोबी पक्ष्याला ओढ्याचा काठ हवा, सुगरणीला विहिरीवर झुकलेली बाभळ हवी. पाखराला दान नको असते, जागा हवी असते.

आणि त्या जागेची खबर ठेवणारे डोळे हवे असतात. येथे मात्र मला आशेला जागा दिसते. २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल निघाला. त्यात ९४२ जातींचा विचार केला आहे. तो कोणाच्या नोंदींवर उभा आहे? तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या. त्यांत मास्तर आहेत, डॉक्टर आहेत, बँकेतले कारकून आहेत, शाळेतली मुले आहेत. सकाळी फिरावयास जाताना जे दिसले ते त्यांनी भ्रमणध्वनीवर नोंदविले. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांपैकी साठ टक्के घटल्या आहेत. माळरानावरचे आणि शिकारी पक्षी विशेषकरून. आपला कोकीळ मात्र वाढतो आहे. म्हणजे केवळ कोकिळाच्या आवाजावर विश्वासून वसंत सुखरूप आहे असे मानले, तर आपली फसगत व्हावयाची. ही फसगत टाळली ती त्या हजारो लहान लहान टिपणांनी. किहीमच्या शिडीवर एकट्या माणसाने चालविलेले काम आता तीस हजार माणसे करीत आहेत. मृत्युपत्र पार पाडणारे मिळू लागले आहेत ते असे.

तेव्हा आपणांपाशी माझे मागणे फार मोठे नाही. ज्यांच्यापाशी पैसा आहे त्यांनी आपल्या मृत्युपत्रात देवळाच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या जोडीने एखाद्या तळ्यासाठी किंवा माळासाठीही एक ओळ घालावी. ज्यांच्यापाशी पैसा नाही त्यांच्यापाशी सकाळ आहे. घराजवळचे एक ठिकाण निवडावे. नदीचा घाट, टेकडीची पायवाट, गावाबाहेरचा पाझर तलाव, काहीही चालेल. वर्षभर तेथे काय दिसले ते तारीख घालून लिहावे. काही दिसले नाही तर तेही लिहावे, कारण काल होते आणि आज नाही, ही नोंद सर्वांत मोलाची असते. आपल्या मुलाबाळांना घर, दागिने, भांडीकुंडी ठेवाल तेव्हा त्यांच्याबरोबर ती वहीही ठेवा. पन्नास वर्षांनी कोणी त्या तळ्यावर भराव घालावयास निघाला, तर पाखरांच्या बाजूने साक्ष द्यावयास तेवढी वहीच उभी राहील.